सही एकाची, सल्ला कुणाचा?

पुण्याच्या विद्यापीठात आपल्या धर्मग्रामातील एखादी मुलगी मराठीत, इतिहासात वा तत्त्वज्ञानात पीएच.डी.साठी दाखल झाली, की रविवारच्या मिस्सानंतर चर्चच्या आवारात तिचे कौतुक होते. विषय कोणता, असे कुणी विचारतो. गाईड कोण, असेही विचारतो. आईवडिलांच्या चेहऱ्यावर समाधान असते आणि ते असायलाही हवे. कारण अहिल्यानगर वा नाशिक जिल्ह्यातील एखाद्या खेड्यातून गणेशखिंडीपर्यंतचा हा प्रवास पुष्कळदा दोन पिढ्यांच्या कष्टांवर झालेला असतो. मात्र ते गाईड तिला महिन्यातून किती वेळा भेटतात, तिने लिहिलेले प्रकरण किती दिवसांत वाचून परत करतात, आणि त्यांच्याशी मतभेद झालाच तर तिने कुणाचे दार ठोठवायचे, हे कुणी विचारत नाही. आमच्या मते विचारण्याजोगे प्रश्न तेच आहेत. ते न विचारल्यामुळे आपली कित्येक बुद्धिमान मुले सहा-सहा, आठ-आठ वर्षे एका सहीच्या उंबरठ्यावर बसून राहतात. काही तेथूनच परत फिरतात, आणि मग आपण म्हणतो की त्यांच्यात चिकाटी नव्हती.

चिकाटीचा हा आरोप आम्हाला मान्य नाही. दोष मार्गदर्शनाच्या व्यवस्थेत आहे, आणि ती व्यवस्था बदलता येण्याजोगी आहे, हे आम्हाला येथे मांडावयाचे आहे.

प्रथम हे ध्यानात घेतले पाहिजे की विज्ञानशाखेतील संशोधक आणि मानव्यविद्यांतील संशोधक यांचे जगणे सारखे नसते. रसायनशास्त्राचा विद्यार्थी रोज सकाळी प्रयोगशाळेत जातो. तेथे त्याचे सहकारी असतात, वरिष्ठ विद्यार्थी असतात, मार्गदर्शक जाता-येता डोकावतात. चूक झाली तर ती चार दिवसांत कुणाच्या तरी नजरेस येते. मराठीचा वा इतिहासाचा विद्यार्थी जयकर ग्रंथालयात एकटा बसतो. त्याने वर्षभर चुकीच्या दिशेने वाचन केले तरी ते कुणाला कळण्याचा मार्ग नाही. विद्यापीठाशी त्याला बांधणारा एकच धागा असतो, तो म्हणजे त्याचा मार्गदर्शक. हा धागा सैल पडला की विद्यार्थी विद्यापीठात असून नसल्यासारखा होतो. म्हणूनच मानव्यविद्यांत मार्गदर्शन ही संशोधनाची जवळजवळ सगळी शिक्षणपद्धतीच आहे, असे म्हटले तर वावगे होणार नाही.

मार्गदर्शन म्हणजे नेमके काय, हे आपल्या घरांना परिचित अशा एका उदाहरणाने सांगतो. समजा, एका विद्यार्थ्याने ‘ख्रिस्ती मराठी साहित्य : एक अभ्यास’ असा विषय घेतला. असे विषय घेतले जातात, नोंदवलेही जातात. फादर थॉमस स्टीफन्सपासून बाबा पदमनजी, पंडिता रमाबाई, रेव्हरंड टिळक, लक्ष्मीबाई यांना कवेत घेत थेट आजच्या वसईपर्यंत यायचे, म्हणजे चारशे वर्षे झाली. या विषयावर विद्यार्थी आयुष्यभर बसला तरी प्रबंध पुरा होणार नाही, किंवा झालाच तर तो नावांची जंत्री होईल. जाणता मार्गदर्शक पहिल्याच भेटीत विचारील : बाबा रे, तुला यातला कोण हवा आहे? विद्यार्थी म्हणाला, स्टीफन्स, तर तो पुढे विचारील : ‘ख्रिस्तपुराण’ तू कोणत्या प्रतीवरून वाचणार? १६१६ साली रायतूरला रोमन लिपीत छापलेल्या मूळ आवृत्तीची एकही प्रत आज उपलब्ध नाही. १९०७ साली सालढाणा यांनी मंगळुरात काढलेली आवृत्ती हस्तलिखितांवर आधारलेली आणि रोमन लिपीतली आहे. १९५६ साली पुण्यात शांताराम बंडेलू यांनी ती देवनागरीत आणली. आणि लंडनला मार्सडेन संग्रहात देवनागरी हस्तलिखित आहे, त्याचा पाठ पुष्कळ ठिकाणी निराळा आहे. यातील कोणता पाठ प्रमाण मानणार, हे ठरल्याशिवाय स्टीफन्सच्या भाषेविषयी एक वाक्यही जबाबदारीने लिहिता येणार नाही. तुला पोर्तुगीज येते काय? जुनी मराठी येते काय? येत नसेल तर ओवीचे छंद सोड, अमुक एक प्रकरण घे, आणि आधी सहा महिने भाषा शिक.

एवढे बोलायला अर्धा तास पुरतो. पण तो अर्धा तास मिळाला नाही, तर विद्यार्थ्याची दोन वर्षे जातात. बंडेलूंची प्रत हाती आली म्हणून तीच घेऊन तो शब्दांच्या याद्या करीत राहतो. तिसऱ्या वर्षी कुठल्याशा चर्चासत्रात कुणी मार्सडेन प्रतीचे नाव काढतो, आणि याच्या पायाखालची जमीन सरकते. पेशवे दप्तरात काम करणाऱ्या इतिहासाच्या विद्यार्थ्याचेही तेच. मोडी वाचता येत नसताना त्याला अठराव्या शतकावरचा विषय देणे म्हणजे पोहता न येणाऱ्याला मुळा-मुठेच्या संगमावर नेऊन सोडणे होय.

पुण्याला या बाबतीत कोणी बाहेरून येऊन शिकवावे अशी स्थिती कधीच नव्हती. १९३९ साली डेक्कन कॉलेजचे पदव्युत्तर संशोधन संस्थेत रूपांतर झाले, तेव्हा तेथे कत्रे, सांकलिया, इरावती कर्वे ही माणसे एकत्र आली. सांकलियांचे विद्यार्थी तयार झाले ते खोलीत बसून नव्हे. नेवाशाचे उत्खनन १९५४ ते १९५६ या काळात झाले. नेवासे हे आपल्या नगरकडच्या वाचकांना जवळचे गाव आहे. त्या खड्ड्यांत गुरू आणि शिष्य एकाच उन्हात उभे असत. त्या उत्खननाच्या अहवालावर सांकलियांच्या बरोबरीने शां. भा. देव आणि झै. दा. अन्सारी यांची नावे आहेत. देवांचा स्वतःचा प्रबंध जैन मुनिसंघाच्या इतिहासावरचा, म्हणजे पोथ्यांवरचा होता; पुढे ते पुरातत्त्वाचे मोठे अभ्यासक झाले. शिष्याचे नाव आपल्या नावाशेजारी छापणे आणि शिष्याच्या कामावर आपले नाव छापणे या दोन गोष्टींत किती अंतर आहे, हे आजच्या विद्यार्थ्यांना सांगण्याची गरज नाही.

इरावतीबाईंची स्वतःची कहाणी तर याहून बोलकी आहे. १९२७ साली त्या बर्लिनला गेल्या. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर हे वंशश्रेष्ठत्वाचे कट्टर पुरस्कर्ते. पुढे नाझी राजवटीत, १९३३ साली, ते बर्लिन विद्यापीठाचे रेक्टर झाले. कवटीची एक बाजू दुसरीपेक्षा मोठी असणे आणि वंशाची बौद्धिक श्रेष्ठता यांचा संबंध आहे, अशी त्यांची धारणा होती, आणि ती पडताळण्याचे काम त्यांनी या मराठी मुलीला दिले. तिने १४९ कवट्या मोजल्या आणि असा काहीएक संबंध दिसत नाही, असे लिहून दिले. फिशरसाहेबांनी तिला उत्तीर्ण होण्यापुरती सर्वांत खालची श्रेणी दिली. पण पदवी दिली. आम्ही फिशरची बाजू घेत नाही. तसे करणे लज्जास्पद ठरेल. आम्ही एवढेच विचारतो की मार्गदर्शकाच्या आवडत्या सिद्धांताच्या नेमका विरुद्ध निष्कर्ष लिहून आज आपल्या एखाद्या विभागात किती विद्यार्थी प्रबंध सादर करू धजतील? आणि सादर केला तर त्यांना खालची का होईना, श्रेणी मिळेल काय?

आता आजच्या व्यवस्थेकडे येऊ. १९४९ साली बॅरिस्टर जयकरांच्या कुलगुरुपदाखाली सुरू झालेले आणि २०१४ पासून सावित्रीबाई फुल्यांचे नाव धारण करणारे हे विद्यापीठ राष्ट्रीय क्रमवारीत २०२४ साली ३७ व्या स्थानी होते. २०२५ साली ते ९१ व्या स्थानी घसरले. क्रमवारीवर आमची फारशी श्रद्धा नाही. परंतु घसरणीचे कारण म्हणून शिक्षकांच्या रिक्त जागांकडे जे बोट दाखवले गेले, ते खरे आहे, आणि त्याचा मार्गदर्शनाशी थेट संबंध आहे. मार्गदर्शक होता येते ते नियमित, पूर्णवेळ शिक्षकालाच. वर्षानुवर्षे भरती अडून राहिली. शिकवण्याचे काम तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांकडून करवून घेतले गेले. हा तासिकावाला बहुधा तरुण असतो, ताजे वाचलेला असतो, विद्यार्थ्याला वेळही देतो. पण त्याला मार्गदर्शक म्हणून मान्यता नाही. ज्याला मान्यता आहे त्याच्याकडे विभागाचा कारभार, नॅकचे कागद, परीक्षांची कामे आणि समित्यांचे चहापान. विद्यापीठ अनुदान आयोगाने प्राध्यापकाला आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि साहाय्यक प्राध्यापकाला चार पीएच.डी. विद्यार्थी अशी मर्यादा घालून दिली आहे. मर्यादा योग्यच आहे. पण आठ विद्यार्थ्यांना महिन्यातून दोनदा, दर वेळी एक तास भेटायचे म्हटले तर महिन्याचे सोळा तास होतात, आणि त्यांची प्रकरणे वाचण्याचा वेळ निराळा. हे सोळा तास कोणत्या वेळापत्रकात लिहिलेले असतात? कोणत्याच नाही.

याहून विलक्षण प्रकार गुणांचा आहे. आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनी शिक्षकाच्या कामाचे गुण ठरवले, तेव्हा पीएच.डी.च्या मार्गदर्शनासाठी पदवी मिळाली की दहा गुण, प्रबंध सादर झाला की पाच गुण, असा हिशेब केला. मधल्या पाच वर्षांत शिक्षकाने पन्नास वेळा बसून विद्यार्थ्याचे लेखन तपासले, वा एकदाही तपासले नाही, तरी गुण तेवढेच. शेतमजुराला पेरणी, खुरपणी, राखण यांचे काही न देता फक्त खळ्यावर धान्य आले की पैसे द्यायचे, असा हा प्रकार. मग खळ्यावर जे येईल ते कसेही येवो, अशी वृत्ती झाली तर नवल काय? २०१८ साली आयोगानेच वाङ्मयचौर्याबद्दल कडक नियम केले; दहा टक्क्यांपलीकडे साम्य आढळले तर प्रबंध सुधारून द्यावा लागतो, साठ टक्क्यांपलीकडे गेले तर नोंदणीच रद्द होते. यंत्र साम्य मोजते. पण ज्याला स्वतःचे वाक्य लिहायला कुणी शिकवलेच नाही, तो वाक्ये उसनी घेतो, आणि यंत्र चकवण्यासाठी शब्द फिरवतो. शिक्षा त्याला एकट्याला होते.

आयोगाने काहीच केले नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. २०१६ च्या आणि मग २०२२ च्या विनियमांत प्रत्येक विद्यार्थ्यासाठी संशोधन सल्लागार समिती असावी, विद्यार्थ्याने दर सत्राला तिच्यापुढे उभे राहून प्रगती सांगावी, तिने सल्ला द्यावा, अशी तरतूद आहे. वाचताना बरे वाटते. पण या समितीचा निमंत्रक कोण? तो मार्गदर्शकच! म्हणजे विद्यार्थ्याला आपल्या मार्गदर्शकाविषयी काही सांगायचे असेल तर ते त्याच मार्गदर्शकाने बोलावलेल्या बैठकीत, त्याच्या शेजारी बसून सांगायचे. प्रबंध तपासणाऱ्या मंडळींत बाहेरच्या दोन परीक्षकांबरोबर मार्गदर्शक असतो, तोंडी परीक्षेतही असतो. आणि त्याआधी प्रबंधाच्या पहिल्या पानावर ‘हे काम माझ्या मार्गदर्शनाखाली झाले’ ही सही त्याचीच असते. सल्ला देणारा, देखरेख करणारा, दाखला देणारा आणि निवाडा करणारा, हे चौघे एकाच खुर्चीत बसलेले आहेत.

त्या सहीची किंमत किती असते हे आपल्या समाजाने जवळून पाहिले आहे. अल्पसंख्याक समाजांतील संशोधकांसाठी केंद्र सरकारची मौलाना आझाद राष्ट्रीय शिष्यवृत्ती २००९ साली सुरू झाली. मुस्लिम, बौद्ध, शीख, जैन, पारशी यांच्याबरोबर ख्रिस्ती विद्यार्थ्यांनाही ती मिळे. डिसेंबर २०२२ मध्ये लोकसभेत सरकारने सांगितले की इतर योजनांशी ती एकमेकींवर येते, सबब ती बंद केली आहे. तेथेच दिलेल्या माहितीनुसार २०१४-१५ ते २०२१-२२ या काळात ६,७२२ विद्यार्थी तिच्यासाठी निवडले गेले होते. ती बंद होण्याने आपल्या विद्यार्थ्यांचे काय झाले, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. बार्टीची अधिछात्रवृत्ती अनुसूचित जातींसाठी आहे आणि १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे दलित ख्रिस्ती त्या व्याख्येच्या बाहेर. अल्पसंख्याकांसाठी ‘मार्टी’ स्थापण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२४ साली घेतला, त्याची फळे किती व केव्हा हाती येतील ते पाहायचे. येथे मुद्दा सहीचा आहे. संशोधनवृत्ती कोणतीही असो, ती चालू राहण्यासाठी विद्यार्थ्याचे काम चालू असल्याचा दाखला संस्थेकडून जावा लागतो, आणि त्या दाखल्यावर मार्गदर्शकाची सही लागते. खोलीचे भाडे आणि खाणावळीचे बिल त्या सहीवर अवलंबून असलेला विद्यार्थी ‘सर, माझे प्रकरण आपण अजून वाचले नाही’ असे कोणत्या तोंडाने म्हणणार? तो मिठाची गुळणी धरून बसतो. आमच्या परिचयाच्या एका विद्यार्थिनीचे प्रकरण अकरा महिन्यांनी परत आले; त्यावर मजकुराविषयी एक अक्षर नव्हते, फक्त समासाची रुंदी दुरुस्त केलेली होती. तिने आभार मानून ते घेतले. संस्थेचे नाव सांगण्यात हशील नाही, कारण अशी उदाहरणे कुठल्याही एका संस्थेची मिरासदारी नाहीत.

या गुंत्याचा एक उलगडा पुण्यातच, नगर रोडवर पाहायला मिळतो. पेपल सेमिनरी १९५५ साली कँडीहून पुण्याला आली, आणि तिच्याभोवती ज्ञानदीप विद्यापीठाचा परिसर उभा राहिला. तेथेही पदव्युत्तर विद्यार्थी आहेत, प्रबंध आहेत, अधिकारी आहेत. पण ख्रिस्तसभेने या विषयात शतकानुशतकांच्या अनुभवाने एक नियम करून ठेवला आहे. सेमिनरीच्या रेक्टरने आपल्याच घरात राहणाऱ्या विद्यार्थ्यांची पापकबुली, त्यांनी स्वेच्छेने मागणी केल्याखेरीज, ऐकू नये, असे १९८३ च्या धर्मसंहितेचे ९८५ वे कलम सांगते. २४० वे कलम आणखी पुढे जाते : विद्यार्थ्याला दीक्षा द्यावी की त्याला सेमिनरीतून काढावे, हे ठरवताना त्याच्या आध्यात्मिक मार्गदर्शकाचे मत कधीही विचारू नये. म्हणजे ज्याच्यापाशी मन मोकळे करायचे तो निवाडा करणार नाही, आणि निवाडा करणार त्याच्यापाशी मन मोकळे करण्याची सक्ती नाही. रेक्टर दुष्ट असतात असे गृहीत धरून हा नियम केलेला नाही. सत्ता हाती असलेल्या चांगल्या माणसापुढेही दुबळ्याचे तोंड उघडत नाही, एवढी मनुष्यस्वभावाची जाण त्यामागे आहे. धर्माच्या बाबी विद्यापीठावर लादा, असे आम्ही म्हणत नाही. जी वाटणी एका घराला जमली, ती दुसऱ्याला अशक्य नाही, एवढेच सुचवतो.

यावर आक्षेप येतील, ते आम्हाला ठाऊक आहेत. पहिला, गुरुशिष्य परंपरेचा. गुरूवर हिशेबाची वही ठेवणे हे आपल्या संस्कृतीला शोभत नाही, असे म्हणतात. असे म्हणणाऱ्यांना आम्ही एकलव्याची आठवण देतो. त्या कथेतील गुरूने शिकवले काहीच नव्हते. दक्षिणा मात्र अंगठ्याची घेतली. आणि परंपरेतला गुरू शिष्याला घरी ठेवून घेई, जेवू घाली. आजचा शिष्य गुरूंच्या मुलाला शिकवणी देतो, त्यांच्या पुस्तकाची मुद्रिते तपासतो, त्यांच्या चर्चासत्राच्या खुर्च्या मांडतो आणि तोंडी परीक्षेच्या दिवशी परीक्षकांच्या जेवणावळीचा खर्चही पदरमोड करून करतो. सगळीकडे असे चालते असे नाही. मनापासून वाचणारे, रात्री अकरा वाजता फोन करून ‘तुझे तिसरे प्रकरण चांगले उतरले आहे’ असे सांगणारे मार्गदर्शक आम्ही पाहिले आहेत, आणि त्यांच्या ऋणात आहोत. पण त्यांचा चांगुलपणा ही व्यवस्था नव्हे. विद्यार्थ्याच्या नशिबाने ते भेटतात.

दुसरा आक्षेप असा, की पीएच.डी.चा विद्यार्थी लहान मूल नाही. त्याने स्वतःच्या पायांवर उभे राहावे. यात तथ्य आहे, आणि स्वतंत्र विचार करण्यास शिकवणे हेच मार्गदर्शनाचे ध्येय असले पाहिजे. पण २०२२ च्या विनियमांनी चार वर्षांची पदवी पंचाहत्तर टक्के गुणांनी मिळवणाऱ्याला थेट पीएच.डी.चे दार उघडून दिले आहे, आणि मधली एम.फिल.ची पायरी काढून टाकली आहे. बावीस वर्षांचे पोर आता थेट संशोधनाला येणार. पूर्वी एम.फिल.च्या छोट्या प्रबंधात हात साफ होई, चुका तेथे होऊन जात. आता पहिली चूक आणि मोठा प्रबंध एकदमच सुरू होतात. अशा वेळी ‘स्वतः पाहून घे’ म्हणणे हे स्वावलंबनाचे शिक्षण नाही; ते काम टाळणे आहे.

कुणी असेही विचारील की मराठीत वा तत्त्वज्ञानात पीएच.डी. करून नोकरी कुठे आहे, मग एवढा खटाटोप कशाला? नोकऱ्या नाहीत हे खरेच. आणि म्हणूनच ही गोष्ट विद्यार्थ्याला पहिल्या वर्षी स्पष्टपणे सांगणारा कुणी हवा. २०२३ साली आयोगाने विद्यापीठातील साहाय्यक प्राध्यापकपदासाठी पीएच.डी. सक्तीची राहणार नाही, नेट वा सेट पुरेशी आहे, असे केले. हे ज्याला वेळीच कळले तो नेटची तयारी करतो. ज्याला कळले नाही तो पदवीच्या आशेवर तिशी ओलांडतो. भाषांतर, कोशकार्य, अभिलेखागार, प्रकाशन, शाळा, या वाटा दाखवणे हेही मार्गदर्शनच आहे.

आता थोडे आपल्याकडे. आपल्या घरांतही पीएच.डी. ही बढतीची वा लग्नपत्रिकेवरच्या ‘डॉ.’ची गोष्ट झाली आहे. मुलाला आपण फक्त ‘कधी संपणार?’ असे विचारतो, आणि त्याच्या उत्तरातली भीती आपल्याला ऐकू येत नाही. मुलीचे लग्न ठरले की संशोधन सोडून देणे हे आपण गृहीतच धरतो. वस्तुतः विनियमांनी स्त्रियांना सहा वर्षांच्या मुदतीवर आणि नंतरच्या वाढीवर आणखी दोन वर्षांची सवलत दिली आहे, २४० दिवसांपर्यंत प्रसूतिरजा दिली आहे, आणि विवाहामुळे दुसऱ्या गावी जावे लागले तर केलेले काम घेऊन दुसऱ्या संस्थेत जाण्याची मुभाही दिली आहे. किती सासऱ्यांना हे ठाऊक आहे? किती मार्गदर्शकांनी आपल्या विद्यार्थिनींना ते सांगितले आहे?

आमची मागणी मोठी नाही. प्रत्येक संशोधक विद्यार्थ्याला मार्गदर्शकाखेरीज आणखी एक शिक्षक नेमून द्यावा. त्याची कोणत्याही दाखल्यावर सही लागू नये, तो समितीत नसावा, परीक्षक नसावा. तो दुसऱ्या विभागातला वा निवृत्त असला तरी चालेल. पुण्यात निवृत्त प्राध्यापकांची वाण नाही. सल्लागार समितीचे निमंत्रकपद मार्गदर्शकाकडून काढून विभागातील दुसऱ्या कुणाकडे द्यावे, आणि वर्षातून एकदा समितीने विद्यार्थ्याशी मार्गदर्शकाच्या गैरहजेरीत बोलावे. भेटींची तारीखवार नोंद असावी आणि ती दोघांच्या सहीची असावी. विद्यार्थ्याची सही त्या नोंदीवर असली, की निदान एका कागदावर तरी दोघे समोरासमोर येतील. भेटींचे तास शिक्षकाच्या कार्यभारात धरावेत. फुकट मागितलेले काम फुकटच्या दर्जाचे होते. आणि हे सारे होण्यासाठी रिक्त जागा भरल्या पाहिजेत, हे शासनाला सांगताना विद्यापीठाने आवाज खाली ठेवू नये. नोंदवह्यांनी नाते कोरडे होते असे ज्यांना वाटते, त्यांनी एवढे पाहावे की आमच्या धर्मग्रामात बाप्तिस्म्याची, विवाहाची, मृत्यूची नोंद काटेकोर ठेवली जाते, आणि त्यामुळे आजवर कुणाचे लग्न कोरडे झाल्याचे ऐकिवात नाही.

तोवर घरच्यांनी करण्याजोगे एक काम आहे. ‘पेट’ वा ‘नेट’चा निकाल लागून विभागात मुलाखतीचे बोलावणे येते, तेव्हा आपल्या मुलाने वा मुलीने त्या विभागात चालू असलेल्या दोन-तीन संशोधक विद्यार्थ्यांना आधी गाठावे. ग्रंथालयात ते सापडतात. दुपारी कँटीनमध्येही असतात. त्यांना विचारावे, मागील प्रकरण वाचून मिळायला किती दिवस लागले, आणि गेल्या पाच वर्षांत या मार्गदर्शकांकडचे किती जण काम अर्धवट टाकून गेले. जे अर्धवट सोडून गेले त्यांपैकी एखाद्याचा पत्ता मिळाला तर त्यालाही भेटावे. त्यासाठी बस-रिक्षाला दोनशे रुपये पडतील. ते घरून द्यावेत.